घरातलं कुत्रं किंवा मांजर गेल्यावर पहिले काही आठवडे कसे काढायचे

आमचा कुत्रा बंड्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठला मोबाईलवर त्याच्या गोळीचा अलार्म वाजला आणि मी सवयीने उठून गोळी काढायला निघालोसुद्धा, अर्ध्या वाटेत लक्षात आलं. तर पहिलं काम हेच करा, फोनमधले गोळ्यांचे, लसीचे सगळे रिमाइंडर बंद करा, तुम्हाला जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा. सामान मात्र घाईने आवरू नका. पट्टा, भांडं, अंथरूण एका पिशवीत भरा आणि कपाटावर टाका, कुणाला द्यायचं ते नंतर बघू. मी अंथरूण लगेच धुवायला टाकलं आणि त्याचा वास गेला, त्याची हळहळ अजून आहे.

रडू कधीही येतं, पण खरा त्रास ठरलेल्या वेळांचा असतो. सकाळी फिरायला न्यायची वेळ, तुम्ही घरी आल्यावर दाराशी नखांचा टकटक आवाज यायची वेळ. त्या वेळांना काय करायचं ते आदल्या रात्रीच ठरवा, काहीही चालेल, नुसतं पडून राहू नका. मी तीन दिवस छताकडे बघत काढले, चौथ्या दिवशी एकटाच निघालो, तेही उलट्या रस्त्याने, कारण नेहमीच्या रस्त्यावर सगळे विचारणार आज एकटेच का. त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा, "गेला तो, आत्ता बोलवत नाहीये", एवढं पुरतं.

मग सुरू होतं ते "आजार आधीच कळायला हवा होता" वगैरे. एक लक्षात घ्या, ही जनावरं दुखणं लपवतात, मांजरं तर फारच, आणि किडनीचा आजार नेहमीच्या रक्त तपासणीत दिसेपर्यंत बऱ्याचदा किडनीचा मोठा भाग गेलेला असतो. त्रास संपवायला मरणाचं इंजेक्शन द्यायचा निर्णय तुम्ही घेतला असेल तर हे टोचणं दुप्पट होतं. ते औषध बहुतेक वेळा भुलीच्याच औषधाचा खूप मोठा डोस असतो, आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. त्यानंतर एखादा मोठा श्वास, थरथर, लघवी होणं, डोळे उघडे राहणं हे सगळं होऊ शकतं पण तेव्हा त्याला काही जाणवत नसतं. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून महिनाभर वाटत राहिलं की त्याला कळत होतं. काही शंका असेल तर मनात घोळवत बसू नका, प्रश्न कागदावर लिहा आणि डॉक्टरांना सरळ जाऊन विचारा.

"कुत्रंच तर होतं" म्हणणारे भेटतीलच, त्यांच्याशी वाद घालायला ताकद घालवू नका. लोक ज्याला दुःखच मानत नाहीत अशा दुःखाला शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये 'डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ' असं नाव देऊन मांडलंय, म्हणजे हे तुमचं एकट्याचं खूळ नाही. ज्यांनी स्वतः जनावर पाळलंय अशा एकाला फोन करा, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

घरात लहान मूल असेल तर "तो झोपला" म्हणू नका, पोरं झोपायलाच घाबरू शकतात, मेला हाच शब्द वापरा. दुसरं जनावर असेल तर त्याच्या खाण्याफिरण्याच्या वेळा तशाच ठेवा, आणि मांजर दिवसभरात काहीच खात नसेल तर दुःखात आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा, उपाशी राहून त्यांचं लिव्हर बिघडतं. तुमची स्वतःची झोप-जेवण कित्येक आठवडे उडालेलं असेल, किंवा जगायलाच नको असं वाटायला लागलं तर मात्र लगेच समुपदेशकाकडे जा, ते विचार आले तर एक दिवसही थांबू नका.

नवीन कधी आणायचं? दोन महिन्यांनी काय, कधीच नाही काय, दोन्ही ठीक. फक्त घरच्यांना बजावून ठेवा की सरप्राइज म्हणून पिल्लू आणायचं नाही. आणि आणलंत तर त्याच रंगाचं शोधून तेच नाव ठेवू नका, ते बिचारं आल्या दिवसापासून तुलनेत अडकतं.