पॅच अँटेना बोर्डावर उतरवताना या चुका टाळा

पॅच अँटेना म्हणजे सर्किट बोर्डावर कोरलेला तांब्याचा सपाट तुकडा. सिम्युलेशनमध्ये २.४५ गिगाहर्ट्झला सुरेख डिप (एस११ म्हणजे परत येणाऱ्या शक्तीच्या आलेखातला खड्डा), आणि बोर्ड करून व्हीएनएला, म्हणजे हा आलेख मोजणाऱ्या यंत्राला, जोडला की तीच डिप २.५१ ला. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की बहुतेक गट लगेच पॅचची लांबी बदलून दुसरा बोर्ड करायला धावतात. कृपा करून तसं करू नका. डिझाइन चुकलं असं ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासा: हातातला सबस्ट्रेट (तांब्याखालची शीट) नेमका कसा आहे, तांबं प्रत्यक्षात किती मापाचं उतरलंय, आणि व्हीएनए कुठपर्यंत कॅलिब्रेट केलाय. उत्तर बहुतेक वेळा यांतच सापडतं.

४.४ हा आकडा कुणी दिला?

नेहमीचं उदाहरण घेऊ. १.६ मिमी जाडीचा एफआर-४, डायइलेक्ट्रिक स्थिरांक (तो जितका जास्त, तितकी त्याच पॅचची फ्रिक्वेन्सी कमी) ४.४, फ्रिक्वेन्सी २.४५ गिगाहर्ट्झ. पाठ्यपुस्तकातल्या सूत्रांनी पॅचची रुंदी येते ३७.३ मिमी आणि लांबी २८.८ मिमी. गणित बरोबर आहे. प्रश्न त्या ४.४ चा आहे. एफआर-४ म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी. त्यांचं प्रमाण कंपनीगणिक, बॅचगणिक बदलतं आणि स्थिरांक साधारण ४.२ ते ४.७ मध्ये कुठेही असू शकतो. तो ४.२ निघाला, तर तोच २८.८ मिमीचा पॅच २.५ गिगाहर्ट्झच्या थोडा वर जाऊन बसतो. म्हणजे डिझाइन ठीक होतं, आकडा दुसऱ्याच शीटचा होता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे कॉपर क्लॅड तुकडे मिळतात, त्यांवर बहुतेकदा ना कंपनीचं नाव असतं ना स्थिरांक. त्यामुळे पूर्ण प्रोजेक्टला पुरेल एवढी एकच मोठी शीट घ्या. व्हर्नियरने जाडी मोजा, कारण १.६ म्हणून घेतलेली शीट दीड मिमीच भरू शकते. मग खाचाबिचा न करता एक साधा आयताकृती पॅच बनवा, त्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी मोजा आणि सिम्युलेशनमधला स्थिरांक त्या आकड्याशी जुळेपर्यंत बदला. जुळला की तोच तुमच्या शीटचा खरा स्थिरांक. पुढची सगळी डिझाइन त्यावर करा. या एका चाचणी बोर्डाने पुढचे कित्येक बोर्ड वाचतात.

महागडा लॅमिनेट घेतला म्हणून ही काळजी मिटत नाही. रॉजर्स कंपनीच्या आरओ४००३सी या लॅमिनेटच्या डेटाशीटवर दोन आकडे असतात: ३.३८ आणि ३.५५. पहिला प्रक्रियेच्या चाचणीतला, दुसरा डिझाइनसाठीचा. घाईत वरचा ३.३८ उचलला की फ्रिक्वेन्सीत दोन टक्क्यांहून जास्त चूक घरूनच येते.

प्रिंटरने केलेला घोटाळा

टोनर ट्रान्सफरने, म्हणजे लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवून, बोर्ड करत असाल तर प्रिंटच्या खिडकीतला ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद आहे का ते आधी बघा. तो चालू राहिला आणि चित्र ९७ टक्क्यांवर आलं, तर २८.८ मिमीचा पॅच २७.९ मिमीचा होतो आणि डिप सुमारे ७५ मेगाहर्ट्झने वर सरकते. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, कागदावर डोळ्यांना कळत नाही. सोपा उपाय म्हणजे आर्टवर्कच्या बाजूला बरोबर १०० मिमीची रेघ काढा आणि छापल्यावर ती मोजा. एचिंगनंतर (नको असलेलं तांबं विरघळवल्यावर) पॅचची लांबी पुन्हा मोजा. फेरिक क्लोराईडमध्ये बोर्ड जास्त वेळ राहिला की कडा आतून खाल्ल्या जातात, आणि या फ्रिक्वेन्सीला लांबीतला ०.१ मिमीचा फरक म्हणजे साधारण साडेआठ मेगाहर्ट्झ. एचिंग करताना मागचं तांबं टेपने पूर्ण झाका, ते ग्राउंड प्लेन, म्हणजे पॅचखालचा अखंड तांब्याचा थर, आहे.

वर्तुळाकार पोलरायझेशनच्या (ज्यात लहरीचं विद्युतक्षेत्र उजवीकडे किंवा डावीकडे फिरत जातं) पॅचमध्ये एक चूक फार लपून राहते. इस्त्रीने टोनर उतरवताना चित्र उलटं होतं, म्हणून प्रिंट आरशातली काढावी लागते. आयताकृती पॅचला विसरलात तरी फरक पडत नाही. पण समोरासमोरचे दोन कोपरे कापलेला पॅच उलटा छापला गेला की उजव्या हाताचं पोलरायझेशन डाव्या हाताचं होतं. जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा आणि नाविक या भारतीय उपग्रह यंत्रणेचा ११७६.४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल उजव्या हाताचा असतो. एस११ चा आलेख मात्र दोन्हींत सारखाच, त्यामुळे रिसीव्हर उपग्रह पकडत नाही आणि मुलं रिसीव्हरवरच संशय घेत बसतात. इस्त्री करण्याआधी कापलेले कोपरे डिझाइनशी ताडून पाहा.

डिप काय सांगते ते ऐका

डिप खोल आहे पण जागा चुकली, तर लांबी किंवा स्थिरांक बघा. जागा बरोबर पण डिप उथळ, तर फीड, म्हणजे पॅचला सिग्नल देणारी लाइन, बघा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पॅचच्या कडेला रोध साधारण २०० ते ३०० ओहम असतो, आणि १.६ मिमी एफआर-४ वर ५० ओहमची लाइन सुमारे ३ मिमी रुंद येते. हे दोन्ही जुळवायला पॅचच्या कडेत खाच मारून लाइन आत नेतात. खाच किती खोल न्यायची यासाठी सगळे कोसाइन-वर्गाचं सूत्र वापरतात. ते मुळात प्रोब फीडचं, म्हणजे खालून येणाऱ्या पिनचं, आहे. कडेतून खाच मारली की रोध त्याहून भराभर उतरतो, म्हणून सूत्राने आलेली खोली सुरुवातीपुरतीच धरा. पुढे व्हीएनएवर स्मिथ चार्ट (रोध दाखवणारा गोल आलेख, मधला बिंदू म्हणजे ५० ओहम) बघा. रेझोनन्सचा गोल मधल्या बिंदूला वेढा घालत असेल तर रोध ५० पेक्षा जास्त आहे, खाच आणखी आत न्या. मधला बिंदू गोलाच्या बाहेर राहिला तर रोध कमी आहे, खाच उथळ करा.

सिम्युलेशनमध्ये हवेची पेटी पॅचपासून किमान पाव तरंगलांबी, म्हणजे इथे सुमारे ३१ मिमी दूर ठेवा. वेव्ह पोर्ट (सिम्युलेशनमध्ये सिग्नल जिथून आत येतो ती चौकट) लाइनच्या रुंदीएवढाच ठेवू नका, कडेचं क्षेत्र कापलं जातं.

व्हीएनएचं कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी करा, आणि केल्यानंतर रेंज बदलू नका. ० ते ३ गिगाहर्ट्झ रेंज आणि १०१ पॉइंट ठेवले तर दोन पॉइंटांत ३० मेगाहर्ट्झचं अंतर पडतं, एवढ्यात अरुंद डिपचा तळ निसटतो. म्हणून कॅलिब्रेशनच्या आधीच २.२ ते २.७ एवढी रेंज घ्या. पहिल्या पिढीचे स्वस्त नॅनोव्हीएनए दीड गिगाहर्ट्झपर्यंतच जातात, ते या कामाला चालणार नाहीत. मग कनेक्टरजवळ केबल मुठीत धरून बघा. आलेख हलला तर केबलच्या बाहेरच्या बाजूने करंट वाहतोय आणि केबलही अँटेनाचा भाग झाली आहे. म्हणजे ग्राउंड प्लेन फार लहान आहे किंवा एसएमए कनेक्टरचे पाय मागच्या तांब्याला नीट सोल्डर झालेले नाहीत. ग्राउंड पॅचपेक्षा लांबीत आणि रुंदीत एकूण सबस्ट्रेटच्या जाडीच्या सहा पट तरी मोठा हवा, आणि जागा असेल तर त्याहून मोठा.

नुसता एस११ दाखवून थांबू नका

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ती रिपोर्टात यश म्हणून छापली जाते. एस११ फक्त एवढंच सांगतो की शक्ती परत आली नाही. ती हवेत गेली की बोर्डात जिरली, हे तो सांगत नाही. व्हीएनएच्या पेटीतला ५० ओहमचा लोड जोडा, कुठल्याही पॅचपेक्षा सुंदर एस११ मिळेल आणि तो काहीही प्रसारित करणार नाही.

एफआर-४ चा लॉस टँजंट (पदार्थात किती शक्ती जिरते याचं माप) सुमारे ०.०२ असतो. १.६ मिमी जाडीच्या पॅचमध्ये जवळपास निम्मी शक्ती सबस्ट्रेटमध्येच उष्णता होऊन संपते. आरटी/ड्युरॉइड ५८८० या महागड्या लॅमिनेटचा लॉस टँजंट ०.०००९ आहे, त्यात हे नुकसान अगदी थोडं. पण हेच नुकसान एफआर-४ च्या पॅचची बँडविड्थ (जेवढ्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात एस११ चांगला राहतो तो) रुंद करतं! म्हणून ‘बँडविड्थ वाढली’ असं वाक्य दिसलं की पुढचा प्रश्न विचारा: गेन, म्हणजे अँटेना ठरलेल्या दिशेला प्रत्यक्षात किती शक्ती पाठवते, तो किती?

गेन मोजायला महागडी खोली लागतेच असं नाही. दोन अगदी सारखे पॅच बनवा आणि गच्चीवर, भिंती व रेलिंगपासून लांब, एक मीटर अंतरावर समोरासमोर, दोन्हींच्या फीड लाइन एकाच दिशेला येतील असे धरा. २.४५ गिगाहर्ट्झला एक मीटरमध्ये ४०.२ डीबी घट होते. एस२१ मध्ये (एका पॅचकडून दुसऱ्याकडे किती शक्ती पोचली, डीबीत) ४०.२ मिळवा आणि बेरजेला दोनने भागा. एस२१ उणे ३५ आला तर गेन २.६ डीबीआय (सगळ्या दिशांना सारखं पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत डीबी). अशा एफआर-४ पॅचला दोन-तीन डीबीआय मिळणं साहजिक आहे, आणि तो आकडा प्रामाणिकपणे लिहिणं हे सात डीबीआयच्या सिम्युलेशनपेक्षा मोलाचं आहे.

वायफाय आणि ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे ३.४ टक्के. एकाच १.६ मिमी शीटचा साधा पॅच साधारण अडीच टक्के देतो, सगळा पट्टा झाकत नाही. दोन शीट घट्ट जोडून ३.२ मिमी जाडी केली की बँडविड्थ आणि कार्यक्षमता दोन्ही वाढतात. मात्र मधलं तांबं पूर्ण काढायचं, शीटमध्ये हवा राहू द्यायची नाही, आणि लांबी, खाच, लाइनची रुंदी सगळं नव्याने काढायचं.

शेवटचं ट्यूनिंग प्लास्टिकच्या डब्यात बसवूनच करा. झाकण पॅचजवळ आलं की फ्रिक्वेन्सी खाली येते. म्हणून आधी डब्यासकट सिम्युलेशन करा, आणि त्यातून आलेल्या लांबीपेक्षा पॅच अर्धा मिलिमीटर लांब ठेवा. मग फीडच्या समोरच्या कडेकडून कटरने थोडं थोडं तांबं सोला, आणि प्रत्येक कापानंतर झाकण लावून मोजा. जास्त कापलं गेलंच तर तांब्याची पट्टी सोल्डर करून लांबी परत मिळवता येते.