पार्किंगला वाड्यासारखं सागवानी दार लावताय? नागपुरात या चुका टाळा

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांसारखं, लोखंडी पट्ट्या मारलेलं दोन पल्ल्यांचं दार गाडीच्या पार्किंगलाही शोभतं, यात वाद नाही. अडचण ही, की फोटो पाहून नक्षी आधी ठरते आणि माप, माती, वजन सुताराच्या भरवशावर राहतं. दार बिघडतं ते याच तिघांमुळे.

पहिली चूक, आठ फुटांचं तोंड. मध्यम एसयूव्हीची बॉडी साधारण 1.8 मीटर, आरसे धरले की दोन मीटरच्या वर. आत उघडलेले पल्ले दोन्ही बाजूंनी मिळून चारेक इंच खातात. मग आठ फुटांत प्रत्येक आरशाबाहेर जेमतेम चार-पाच इंच उरतात. नऊ फूट ठेवा. अरुंद गल्लीतून वळून आत यायचं असेल तर साडेनऊ. उंची सात फूट पुरते, टपावर कॅरियर नसेल तर.

चढ न मोजता पल्ला आत उघडणं. अंगणाला दहास एक चढ असेल तर साडेचार फुटी पल्ला नव्वद अंशांत उघडेपर्यंत त्याच्या टोकाखालची जमीन साडेपाच इंच वर आलेली असते. पल्ला अर्ध्यातच अडतो. मग सुतार खालून कापून देतो आणि बंद दाराखालून कुत्रं आत येतं. दाराच्या आत पाच फूट सपाट ठेवा, चढ त्यापुढे सुरू करा. बाहेर, रस्त्यावर पल्ले उघडायचा विचारही नको. सिमेंट रस्त्यांमुळे अनेक वस्त्यांत रस्ताच अंगणापेक्षा उंच झालाय. तिथे दाराबाहेर सहा इंची जाळीची नाली हवीच, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात पल्ल्यांची खालची कड भिजत राहते.

काळ्या मातीत नुसता विटांचा खांब. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मे महिन्यात माती भेगाळते, जुलैत फुगते, आणि उथळ पायाचा खांब तिच्यासोबत हलतो. खांब तीन-तीन इंच आत झुकायची गरज नाही. सात फुटांवर अर्धा इंच झुकला तरी पल्ले मध्ये एकमेकांवर चढतात. खांब 9×12 इंच आरसीसीचे घ्या, पाया मुरूम लागेपर्यंत न्या आणि दोन्ही खांब जमिनीखालून बीमने जोडा. बिजागरीचे होल्डफास्ट (खांबात रोवायच्या लोखंडी पट्ट्या) ओतकामातच बसवा.

सगळं सागवान सारखंच समजणं. बल्लारशाचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं, तेव्हापासून दुकानात जो तो ओंडका 'बल्लारशा'चाच! नावापेक्षा फळीची कड पाहा. पिवळट-पांढरा भाग म्हणजे सालीकडचं कच्चं लाकूड, उधई आधी तिथेच लागते. गाभ्याचा तपकिरी भागच घ्या.

वजनही आधी काढा. 4.5×7 फुटांचा, 40 मिमी भरीव सागवानी पल्ला सुमारे 75 किलो भरतो. 40 मिमीची चौकट आणि आत 20 मिमीच्या फळ्या असा केला तर बराच हलका होतो. तीन बिजागऱ्या, आणि वरच्या बिजागरीला स्क्रू नाही, आरपार 10 मिमीचे बोल्ट. आतली तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासून कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवी. उलटी मारली तर ती पल्ल्याचा भार पेलत नाही, सांधे उघडतात. फळ्या एकमेकींना फेव्हिकॉलने चिकटवू नका. सहा इंची फळी उन्हाळा ते पावसाळा दीड-दोन मिमी हलते, म्हणजे अख्ख्या पल्ल्यात दीडेक सेंटीमीटर. खाचेत मोकळी बसवा, दोन फळ्यांमध्ये दोन मिमी सोडा. साधे लोखंडी खिळे भिजले की सागवानावर काळे ओघळ येतात. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस वापरा.

घरातलं मेलामाइन पॉलिश बाहेर लावणं. पश्चिमेच्या उन्हात ते पापुद्र्यांनी सुटतं. बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावा, किंवा उकळलेलं जवसाचं तेल (दुकानातलं 'बॉइल्ड लिनसीड'): पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मंनिम्म, नंतरचे दोन निव्वळ, आणि दरवर्षी मेअखेर एक. पल्ला टांगण्याआधी वरची-खालची कडही रंगवा, पाणी तिथूनच चढतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून मग टाका.

दार घासतंय? लगेच रंधा मारू नका. आधी खांबाला ओळंबा लावा. खांब सरळ असेल तर पल्ल्याचे दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक असेल तर पल्लाच लोंबलाय, तिरपी पट्टी तपासा. कर्ण सारखे असतील तर वरची बिजागरी ढिली झालीय का पाहा. झाली असेल तर भोक सागवानी खुंटीने बुजवून बोल्ट टाका. पट्टी, बिजागरी, खांब तिन्ही ठीक, आणि घासणं फक्त जुलै-ऑगस्टमधलं असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. भर पावसाळ्यात रंधलेल्या दारात मेमध्ये बोटभर फट दिसते. बसवतानाच बाजूला 4, मध्ये 6 आणि खाली 12 मिमी सोडलं, तर बहुतेक वेळा हा प्रश्न येतच नाही.

मोटर लावणार असाल तर पल्ला आधी हाताने मधेच सोडून पाहा. जिथल्या तिथे थांबला पाहिजे. आपोआप सरकत असेल तर बिजागऱ्या ओळंब्यात नाहीत, आणि त्या सुधारल्याशिवाय मोटर टिकणार नाही. बाहेरून चावीने मोटर सोडवायची सोय मागून घ्या, लाइन गेली आणि घरात शिरायला दुसरं दार नसेल तर तीच लागते.