लहान मुलांना घरातल्या मनी-मोतीशी नीट वागायला कसं शिकवायचं

दीड-दोन वर्षांच्या पोराला "हळू हात लाव" असं कितीही सांगा, हळू म्हणजे काय तेच त्याला माहीत नसतं, म्हणून ते आधी त्याच्याच अंगावर दाखवायचं. बोटं सरळ ठेवून तुमचा हात त्याच्या दंडावरून खालपर्यंत फिरवा, मग त्याला तुमच्या हातावर तसंच करू दे, दोन-चार दिवस हाच खेळ चालू दे आणि मगच मनीजवळ न्या. या वयात हाताला लागेल ते मुठीत धरायची सवयच असते, त्यात वाईटपणा काही नसतो, त्यामुळे ओरडू नका, मूठ अलगद सोडवा आणि बोटं परत सरळ करून द्या.

हात कुठे लावायचा तेही ठरवून द्या. कुत्र्याच्या छातीवर नाहीतर खांद्यापाशी, मांजराच्या गालावर आणि हनुवटीखाली. शेपूट, कान, पंजे, पोट, मिशा अजिबात नाही. आणि गळ्यात पडून मिठी तर नकोच, फोटो कितीही गोड येऊ दे, बऱ्याच कुत्र्यांना ते अडकवून ठेवल्यासारखं वाटतं आणि पोराचं तोंड नेमकं त्याच्या दातांसमोर येतं.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबायला शिकवणं. एक, दोन, तीन म्हणायचं आणि हात मागे. मग दोघांनी मिळून बघायचं, मनी स्वतःहून डोकं घासायला आली तर परत कुरवाळायचं, उठून गेली तर "मनीला आत्ता नकोय" म्हणून टाटा करायचा, मागे पळायचं नाही. मुलांना हे खरंच जमतं, फक्त दर वेळी तसंच करायला हवं, आज चालतं उद्या नाही असं नको.

खुणा ओळखायचं काम मात्र आपलं. कुत्रा तोंड फिरवतोय, झोप नसताना जांभया देतोय, सारखा ओठ चाटतोय, अंग ताठ झालंय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, किंवा मांजर शेपटी फटाफट आपटतंय, की लगेच मुलाला उचलायचं. आणि प्लीज, मोती गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, तो बिचारा आधी सांगतोय, मार खाऊन गुरगुरणं बंद झालं तर पुढच्या वेळी न सांगता थेट चावेल.

जेवताना, झोपलेलं असताना, पिल्लांपाशी असताना जायचं नाही हा नियम घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनाही. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा पलंगाखाली बसतो तेव्हा पोरं हमखास तिथे हात घालतात, तेवढे दिवस जास्त लक्ष ठेवा. लाडवातला बेदाणा, चॉकलेट प्रेमाने भरवू देऊ नका, कुत्र्याला ते विषारी असतं. पाच वर्षांखालच्या मुलाला जनावराजवळ एकटं सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

एवढं करूनही दात किंवा नख लागलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-तिखट-चुना काही भरू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, घरच्या प्राण्याची लस झालेली असली तरी.

मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्याला एखादं रोजचं काम द्या, म्हणजे सकाळी पाण्याचं भांडं धुऊन भरणं वगैरे, पाणी सांडेल थोडं, सांडू दे.