सॉफ्टबॉलचा डायमंड तिरका येत होता, तो असा सरळ केला

न्यू जर्सीत मुलीच्या हायस्कूलचं मैदान आखायला पालक म्हणून गेलो होतो. डायमंड म्हणजे चार बेसचा चौकोन: होम (जिथून चेंडू मारतात), मग फर्स्ट, सेकंड, थर्ड. होम ते फर्स्ट बरोबर 60 फूट, पण सेकंड ते थर्ड दर वेळी फूटभर कमी. नजरेने काटकोन धरला, 3-4-5चा छोटा त्रिकोण करून पाहिला. लांबीवर चूक वाढतच गेली. दोन शनिवार वाया गेले, फार चिडचिड झाली.

शेवटी जमलं ते चौकोनाच्या होम ते सेकंड या कर्णामुळे. होमप्लेटच्या (होमवरच्या पाचकोनी पाटीच्या) मागच्या टोकाशी खिळा ठोका (मी पुढच्या कडेपासून मोजत होतो, तिथेच 17 इंच गेले). मैदानाच्या मध्यरेषेवर टेप ताणून 84 फूट 10¼ इंचांवर दुसरा खिळा: हा सेकंड. आता दोन्ही खिळ्यांपासून एकेक टेप 60 फुटांवर धरा; त्या जुळतात तिथे, होमकडून पाहता, उजवीकडे फर्स्ट, डावीकडे थर्ड. या दोन्ही बेस पूर्णपणे चौकोनाच्या आत ठेवायच्या, सेकंडचा मात्र मध्य खिळ्यावर.

पिचर्स प्लेटची (चेंडू टाकणारी जिथे उभी राहते त्या पट्टीची) पुढची कड त्याच मध्यरेषेवर, होमच्या टोकापासून 43 फुटांवर. फर्स्ट ते थर्ड ताणलेल्या दोरीवर ती ठेवू नका. दोरी साधारण सात इंच अलीकडे, होमच्या बाजूला पडते.