मालिकेत ‘घर की करिअर’ हा ट्रॅक लिहायचा असेल तर

हा ट्रॅक फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, घरच्यांना व्हिलन करून टाकतात. आई नाही म्हणते कारण ती जुन्या वळणाची, सासरे नाही म्हणतात कारण हट्टी, मग नायिका बॅग भरून निघाली की प्रेक्षकांनी खूश व्हायचं. पण मग पेच उरला कुठे? असल्या घरातून कुणीही निघेल.

म्हणून सीन लिहायला बसायच्या आधी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाने तिच्यासाठी नेमकं काय सोडलंय ते लिहा, ‘आम्ही तुझ्यासाठी खूप केलं’ असलं मोघम नको. समजा मोठ्या भावाने शिक्षण सोडून काम धरलं, तिची फी भरली, आता तिला लांबच्या शहरात नोकरी लागलीय आणि नेमकं त्याच महिन्यात त्याला इतक्या वर्षांनी स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, त्यासाठी आजारी वडिलांजवळ कुणीतरी थांबायला हवं. आता चूक कुणाची? कुणाचीच नाही, आणि तिथेच ट्रॅक उभा राहतो. यात भावाला ‘जाऊ नकोस’ म्हणायला लावू नका हं, तो ‘जा’च म्हणेल आणि तेच तिला जास्त जड जाईल.

तारीख ठरवा. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय म्हटलं की साध्या चहाच्या सीनमध्येसुद्धा ताण येतो.

या ट्रॅकचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण म्हणजे २००६ ते २०११ दरम्यान आलेली ‘फ्रायडे नाईट लाईट्स’ ही अमेरिकन मालिका. टेक्सासमधल्या छोट्या गावातला फुटबॉल कोच एरिक टेलर आणि त्याची बायको टॅमी, पाच सीझन संसार त्याच्या नोकरीभोवती फिरतो, आणि शेवटी टॅमीला फिलाडेल्फियाच्या कॉलेजात मोठं पद मिळतं तेव्हा त्याच्याही समोर नवीन कॉन्ट्रॅक्ट असतं. तो वाईट नवरा अजिबात नाही, फक्त ती कायम आपल्या मागे येणार हे त्याने इतकी वर्षं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे आधी तो अडतो, मग एका मॉलमध्ये तोच तिला म्हणतो की मला तुझ्याबरोबर ने. मागणं त्याच्या तोंडी दिलंय हे बघा, तिला परवानगी दिल्यासारखं नाही लिहिलंय, आणि तो सीन पोचतो कारण आधीच्या सीझन्समध्ये तिने केलेली तडजोड आपण डोळ्यांनी पाहिलेली असते. तुमच्या मालिकेतही हा हिशोब आधीपासून दाखवत या, ऐनवेळी फ्लॅशबॅक टाकून तो भरून निघत नाही.

संवादात ‘कर्तव्य’, ‘स्वप्न’, ‘त्याग’ हे शब्द आले की मी खोडून टाकते. घरात कुणी असं बोलत नाही, लोक विचारतात वडिलांची गोळी किती वाजता असते, तुझी खोली रिकामी ठेवायची का, किल्ली कुणाकडे देऊन जाशील. भांडण लिहिलंत तर ते भलत्याच गोष्टीवरून होऊ दे, खरा विषय दोघांनाही माहीत असतोच.

आणि कृपा करून योगायोगाने सोडवू नका, ऐनवेळी नोकरी गावातच मिळाली किंवा वडील अचानक ठणठणीत झाले असं केलंत की आधीचे सगळे एपिसोड वाया. तिने निवडायलाच हवं. गेली तर नंतरच्या एपिसोडमध्ये वडिलांना दवाखान्यात नेताना भाऊ एकटा दिसू दे आणि त्या रात्री तिचा फोन वाजला पण मीटिंग चालू होती हेही दिसू दे, राहिली तर तिच्या जागी लागलेल्या मैत्रिणीचा पहिल्या दिवसाचा फोटो तिच्या मोबाईलवर येऊ दे, तिने तो मोठा करून बघावा, छान असं टाईप करावं आणि पाठवावं.