एक कुकर, एक कढई: वरण-भात आणि मेथीची भाजी

ऐरोली-घणसोलीतलं ऑफिस सुटून घोडबंदर रोडवरच्या घरी पोहोचायला आठ वाजतात. तेव्हा नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात पनीर-बिर्याणीच्या मागे लागू नये. वरण-भात, एक पालेभाजी आणि काकडी एवढं हातात बसलं की पुष्कळ झालं. खालचं प्रमाण दोघांचं आहे.

आल्याआल्या अर्धी वाटी तूरडाळ तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत घाला. दुसऱ्या वाटीत दोन चमचे मूगडाळ भाजीसाठी. मग कपडे बदला, चहा घ्या, मेथी निवडा.

तूरडाळीतलं पाणी काढून दीड वाटी ताजं पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि थेंबभर तेल घाला. एक वाटी तांदूळ धुऊन त्यात दोन वाट्या पाणी. कुकरच्या तळाशी जाळी आणि दोन पेले पाणी. खाली डाळीचा डबा, वर भाताचा. डबा पाऊण भागाच्या वर भरू नका, उतू जातो. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, पुढच्या तीन मध्यम आचेवर. गॅस बंद केल्यावर घाईने शिट्टी उचलू नका: दाब एकदम उतरला की डब्यातलं पाणी उसळतं आणि वरण भातात जातं. दहा-बारा मिनिटांत झाकण आपसूक सुटतं.

शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ फसफसते? रिंग सैल झालीय. दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून बघा. तरी तेच, तर नवी आणा. कडेने वाफ नाही आणि शिट्टीही नाही, तर लगेच गॅस बंद करा. कुकर निवल्यावर झाकणाची नळी उजेडाकडे धरून बघा, भाताचं शीत अडकलेलं असेल. डाळ बोटचेपी झाली नाही, तर ती जुनी असेल, भिजली नसेल किंवा शिजतानाच टोमॅटो-चिंच पडली असेल. आंबटाने डाळ शिजायला अडते, म्हणून आमसूल घालायचंच तर डाळ शिजल्यानंतर.

डाळ घोटा, वाटीभर गरम पाणी, पाऊण चमचा मीठ, चण्याएवढा गूळ घालून चार मिनिटं उकळा. वरून तूप.

कुकर निवतोय तोवर भाजी. मेथी जांभळी नाक्यावरून आणा नाहीतर स्टेशनबाहेरून, माती असतेच. मोठ्या पातेल्यात बुडवून पानं वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतलं तर तळाची माती परत पानांवर बसते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा, मगच चिरा.

कढईत दोन चमचे तेल. दोन मोहऱ्या टाकून बघा. तडतडल्या तरच बाकीची अर्धा चमचा मोहरी घाला. न तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते, करपलेलीही. मग पाच ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, हिंग. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की निथळलेली मूगडाळ आणि तीन-चार चमचे पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. आता मेथी, झाकण न ठेवता. मीठ पाला बसल्यावरच: ढीगभर दिसणारी जुडी मूठभर होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. इंडक्शनवर कढई झटकन तापते, तेव्हा लसूण-मिरची आधीच हाताशी ठेवा.

काकडीचं टोक कापून चाखा. कडू निघाली तर ती काकडी टाकून द्या, दुसरी घ्या.