अंगणातली बालवाडी कशी भरवावी

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. शिक्षकाने आरंभ तिथूनच करावा. पहिले काही दिवस नाक पुसण्यात आणि नखे कापण्यात गेले, तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये. परडीत चिंचोके आणि शिंपले ठेवून मूल ते रंगाने लावते, आकाराने, की नुसतेच खुळखुळवते, हे मध्ये न बोलता पाहावे (गप्प राहणेच सर्वांत कठीण). सातानंतर नऊ म्हणणाऱ्या मुलाला लगेच दुरुस्त न करता त्याच्यासोबत पुन्हा सावकाश मोजावे. बहुधा आठ त्याचा त्यालाच सापडतो. धाकटे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नये, सावलीत झोळी बांधून द्यावी.